हॅमस्टरसाठी गळका फिशटँक शोधा

सुट्टी लागली की आमच्या सोसायटीत कुणाच्या तरी घरी हॅमस्टर, म्हणजे उंदरासारखा छोटा पाळीव प्राणी, येतो. सोबत पिंजरा येतोच. गुलाबी नाहीतर निळा, दोन मजली, मध्ये घसरगुंडी आणि कोपऱ्यात बशीएवढं चाक. माझं मत विचाराल तर हा पिंजरा हॅमस्टरसाठी नसतोच, तो विकत घेणाऱ्याच्या डोळ्यांसाठी असतो. घरी केलेला ओबडधोबड पिंजरा त्याहून बरा, आणि बहुतेक वेळा स्वस्तही.

यातली सोनेरी हॅमस्टर ही जात मूळची सीरियाकडची. आज पाळले जाणारे सोनेरी हॅमस्टर बहुतांश १९३० साली अलेप्पोजवळ सापडलेल्या एका मादीच्या आणि तिच्या पिल्लांच्या वंशातले. तिकडे शेतात त्यांची बिळं सरासरी ६५ सेंटीमीटर खोल असतात. उकरायचं, पळायचं, गालात दाणे भरून आत नेऊन साठवायचे, हा त्याचा दिनक्रम. त्यात मजले कुठेच बसत नाहीत. त्याला नजरही कमी, उंचीचा अंदाज येत नाही, वरून सरळ खाली पडतो. जर्मनीतली प्राणीकल्याणाचं काम करणारी पशुवैद्यांची संघटना किमान १०० × ५० सेंटीमीटर जागा सांगते. दुकानातले बहुतेक पिंजरे याच्या निम्मेही भरत नाहीत.

म्हणून मी सगळ्यांना सांगतो, गळका फिशटँक शोधा. माशांच्या दुकानदाराकडे, भंगारवाल्याकडे, नाहीतर ज्यांची माशांची हौस फिटली त्यांच्या माळ्यावर. पाणी धरत नाही म्हणून तो कवडीमोल झालेला असतो, आणि आपल्याला पाणी भरायचंच नाही. काच तडकलेली नको, एवढं बघा. साडेतीन फुटी मिळाला तर उत्तम.

झाकण घरी करायचं. लाकडी पट्ट्यांची चौकट, त्यावर हार्डवेअरच्या दुकानातली वेल्डेड जाळी. अर्धा इंची चालते, बुटक्या जातीचा असेल तर पाव इंचीच घ्या. कापलेली टोकं बाहेरच्या बाजूला दुमडा. नायलॉनची मच्छरजाळी नको, ती एका रात्रीत कुरतडून होते. घरात मांजर असेल तर झाकणाला कडी हवीच. टँकचा मोठा फायदा असा की दात घासायला गजच नसतात. गज कुरतडणाऱ्या हॅमस्टरला पाहून ‘किती गोड’ म्हणणाऱ्यांना मी हल्ली काही बोलत नाही.

आत निदान २० सेंटीमीटर थर द्या, जास्त दिलात तर आणखी चांगलं. बिनछपाईच्या कागदाचे बारीक तुकडे आणि सुकं गवत एकाआड एक दाबून भरलं की बोगदे ढासळत नाहीत. सुताराकडचा भुसा फुकट मिळतो, पण घेऊ नका. त्यात धूळ असते, प्लायवूडचा डिंक असतो, आणि देवदार-पाइनच्या वासाने श्वासाचा त्रास होतो. कापूसही नको, पायाला गुंडाळला जातो. साधा टिश्यू फाडून टाका, घरटं तो स्वतः करेल. घर म्हणून नारळाची करवंटी, पुठ्ठ्याची नळकांडी, आडवी मातीची कुंडी, सगळं चालतं. जड वस्तू मात्र तळावर टेकलेली हवी, नुसती कागदावर ठेवली तर तो खालून उकरतो आणि ती त्याच्या अंगावर बसते.

चाकावर पैसे वाचवू नका. सोनेरी हॅमस्टरला २८-३० सेंटीमीटर व्यासाचं, सलग पृष्ठभागाचं चाक लागतं. लहान चाकात पाठ वाकते, दांड्यांच्या चाकात पाय अडकतो. आणि दुकानदार ‘एकटा कंटाळेल, जोडी न्या’ म्हणाला तरी एकच घ्या. मोठे झालेले सोनेरी हॅमस्टर एकत्र ठेवले तर जीव जाईपर्यंत भांडतात.

मुंग्यांसाठी आजीचीच युक्ती: टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत.

खरी अडचण उन्हाळ्याची. काचेच्या टँकला हवा फक्त वरून मिळते, त्यामुळे खिडकीच्या उन्हात तो भट्टी होतो. सावलीतला कोपरा निवडा, आत मार्बलचा नाहीतर फरशीचा तुकडा ठेवा, तो त्यावर पोट टेकून पडतो. पंख्याचा झोत थेट अंगावर नको. पण तिशीच्या वर पारा गेला की एवढ्याने भागत नाही. नागपूर, अकोला, चंद्रपूरकडच्या ज्या घरात मे महिन्यात एक तरी खोली दिवसभर गार ठेवता येत नाही, त्यांनी हॅमस्टर आणूच नये असं मला वाटतं. कमेंटमध्ये भांडायला या, पण आधी तुमच्या खोलीचं दुपारचं तापमान लिहा.