शब्दांच्या याद्या म्हणजे घोकंपट्टी? एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया तुम्ही कळकळीने लिहिली आहे, त्यामुळे ‘धन्यवाद, विचार करते’ म्हणून सुटका करून घेणं बरं दिसणार नाही. विद्यापीठात इंग्रजीतून शिकणाऱ्यांनी निवडक शब्दांची कार्डं करावीत (पुढे शब्द, मागे अर्थ), असं मी मागच्या लेखात सुचवलं होतं. तुमचे आक्षेप असे: ही निव्वळ घोकंपट्टी आहे, कादंबऱ्या भरपूर वाचल्या की शब्द आपोआप येतात, तुम्हाला तसेच आले, आणि अडलेल्या शब्दाचा अर्थ संदर्भावरून लावता यायला हवा, शब्दकोश म्हणजे कुबडी. जाता जाता, रोज किती शब्द करायचे हे तरी सांगा, असा टोलाही मारला आहे.

खरी मेख संदर्भाच्या मुद्द्यात आहे, म्हणून आधी तो घेते. तीनशे शब्दांचं एक पान घ्या. त्यातले ९८ टक्के शब्द माहीत असतील, तर पानभरात सहा अडतात. ९५ टक्के असतील तर पंधरा. ९० टक्के म्हणजे तीस, जवळपास दर ओळीला एक. आता ज्या शेजारच्या शब्दांच्या आधाराने अर्थ लावायचा, त्यांतलेच दोन अनोळखी निघाले तर आधार कशाचा घ्यायचा? मग होतो तो सगळा अंदाजपंचे दाहोदरसे कारभार. हू आणि नेशन या संशोधकांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना एक गोष्ट दिली आणि तिच्यातल्या काही शब्दांच्या जागी निरर्थक शब्द घातले. ८० टक्के शब्द ओळखीचे ठेवले तेव्हा एकालाही गोष्ट पुरेशी कळली नाही. ९५ टक्क्यांवरही बरेच जण अडखळले. कुणाच्या मदतीशिवाय वाचायचं तर ९८ टक्क्यांच्या आसपास पोहोचावं लागतं, असा त्यांचा निष्कर्ष होता.

तुम्हाला संदर्भावरून अर्थ लागतो, कारण तुम्ही ती पायरी केव्हाच ओलांडली आहे. पहिल्या वर्षाला अर्थशास्त्राचं पुस्तक उघडून बसलेली मुलगी अजून तिथे पोहोचलेली नाही. तिला ‘अंदाज लाव’ सांगणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला ‘हात मार’ म्हणून काठावरून ओरडणं.

आता कादंबऱ्या. वाचाव्यात, जरूर वाचाव्यात. वेग येतो, वाक्याचा कान तयार होतो. पण पाठ्यपुस्तकाची गाडी ज्या शब्दांवर अडते ते कादंबरीत फारसे भेटतच नाहीत. अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी न्यूझीलंडमध्ये कला, वाणिज्य, कायदा आणि विज्ञान या चार शाखांतला सुमारे ३५ लाख शब्दांचा मजकूर चाळून २००० साली ‘अकॅडेमिक वर्ड लिस्ट’ प्रसिद्ध केली. सर्वांत नेहमीचे दोन हजार शब्द वगळून उरलेल्यांतली ५७० शब्दकुटुंबं तिच्यात आहेत. शब्दकुटुंब म्हणजे ‘अ‍ॅनलाइझ’, ‘अ‍ॅनॅलिसिस’, ‘अ‍ॅनॅलिटिकल’ हे सगळे मिळून एक. अभ्यासाच्या मजकुरातला साधारण दर दहावा शब्द या ५७० कुटुंबांतला असतो. तेवढ्याच आकाराच्या कथा-कादंबऱ्यांच्या संग्रहात मात्र त्यांचं प्रमाण १.४ टक्के निघालं. सेमिस्टर संपायच्या आत ‘कन्स्टिट्यूट’ पुरेशा वेळा भेटावा म्हणून किती कादंबऱ्या वाचायच्या, याचा हिशेब तुम्हीच करा.

घोकंपट्टीबद्दल. ‘शब्द–अर्थ, शब्द–अर्थ’ असं वहीवर डोळे फिरवत म्हणत राहणं म्हणजे घोकंपट्टी, आणि तिचा मलाही तिटकारा आहे. कार्डात अर्थ मागच्या बाजूला असतो. उलटण्याआधी डोक्याला ताण देऊन तो काढावा लागतो. सगळी मजा त्या ताणात आहे. कार्पिक आणि रोडिगर यांनी २००८ मध्ये विद्यार्थ्यांकडून स्वाहिली या आफ्रिकी भाषेतला शब्द आणि त्याचा इंग्रजी अर्थ अशा चाळीस जोड्या पाठ करून घेतल्या. शब्द एकदा आला तरी त्याची चाचणी ज्यांनी पुन्हा पुन्हा दिली, त्यांना आठवड्याने जवळपास ८० टक्के शब्द आठवले. आलेल्या शब्दाची चाचणी बंद करून ज्यांनी तो नुसता वाचत ठेवला, ते ३५ टक्क्यांच्या आसपासच राहिले. गंमत म्हणजे आपल्याला किती आठवेल याचा अंदाज सगळ्या गटांनी जवळपास सारखाच केला होता. म्हणूनच ‘मला वाचूनच लक्षात राहतं’ या वाक्यावर माझा फारसा विश्वास नाही.

एका बाबतीत मात्र आपलं जमतं. नुसत्या शब्दांनी उतारा कळत नाही, असं तुम्ही म्हणता ते खरंच आहे. हे वाक्य बघा: ‘व्हाइल द फाइंडिंग्ज आर कन्सिस्टंट विथ द थिअरी, दे डू नॉट एस्टॅब्लिश इट.’ म्हणजे निष्कर्ष सिद्धांताशी जुळतात, पण त्यामुळे तो सिद्ध होत नाही. यातला एकही शब्द अडला नाही तरी विद्यार्थी हमखास लिहितात, ‘लेखकाच्या मते सिद्धांत सिद्ध झाला’. कारण पहिल्या अर्ध्या भागातच त्यांना उत्तर सापडल्यासारखं वाटतं. ‘व्हाइल’ने सुरू झालेला भाग लेखक केवळ मान्य करून बाजूला ठेवतो, त्याचं खरं म्हणणं स्वल्पविरामानंतर येतं, हे कुणी दाखवलेलं नसतं. अशी वाक्यं शिकवण्यासाठी कार्ड कुचकामी. तिथे उतारा समोर घेऊन बसावं लागतं: हा ‘इट’ कुणासाठी आलाय, हे मत लेखकाचं की तो खोडून काढतोय त्याचं, परिच्छेद कुठे वळला. आणि एवढं बघायला डोकं मोकळं हवं. दर ओळीला शब्द अडणाऱ्याचं डोकं शब्दांतच खर्ची पडतं.

शब्दकोशाला कुबडी म्हणण्याबद्दल एवढंच, की आधी अंदाज करावा, मग कोश उघडून तो पडताळावा. अंदाज चुकलाय हे कळलंच नाही तर चुकीचा अर्थच पक्का होतो.

राहिला तुमचा टोला. दिवसाला आठ-दहा नवे पुरे. त्याहून जास्त घेतले की जुन्यांची उजळणी तुंबते आणि पंधरवड्यात कार्डांचा गठ्ठा खणात जातो. कार्ड प्रत्येक शब्दाचं करायचंच नाही. आपल्या विषयाच्या दोन वेगवेगळ्या प्रकरणांत जो भेटला त्याचंच करायचं, आणि अर्थाबरोबर तो ज्या वाक्यात भेटला ते वाक्यही मागे लिहायचं. एकदाच भेटून गेलेल्या शब्दाला खुशाल जाऊ द्यावं.