डोळ्यातले जेल, उगवता सूर्य आणि फुईचे चार महिने

अमळनेरच्या माझ्या फुईने, म्हणजे आत्याने, पीतबिंदूच्या (डोळ्याच्या पडद्यावरील सर्वांत स्पष्ट दिसणाऱ्या मधल्या जागेच्या) छिद्राची ठरलेली शस्त्रक्रिया चार महिने लांबवली, कारण भाऊबंदांच्या व्हॉट्सॲप गटात एक संदेश आला होता. डोळ्याच्या पोकळीत भरलेले आणि पडद्याला चिकटलेले जेल आपोआप सुटते, रोज दहा मिनिटे उगवत्या सूर्याकडे एकटक पाहिल्यास ते वितळून लवकर सुटते, आणि शस्त्रक्रिया केली तर डोळा रिकामा होऊन आत बसतो, असे त्यात होते. “आपेआप सुटी जाई,” असे ती फोनवर मलाच समजावत होती. तोच संदेश नंतर धुळ्याहून आणि नंदुरबारहूनही आला, तेव्हा मात्र गप्प बसवेना.

जेल वयानुसार पातळ होऊन बहुतेकांच्या पडद्यापासून सुटते, एवढे नाइलाजाने मान्य करतो. पण ते पीतबिंदूपाशी चिकटून राहिले, तर सगळी ओढ त्याच जागी बसते आणि काहींच्या पीतबिंदूला त्यामुळे छिद्र पडते. हे ‘आपोआप’ किती घडते, ते ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मधील 2012 च्या अभ्यासात मोजलेले आहे. असे जेल चिकटलेल्या 652 डोळ्यांपैकी 464 डोळ्यांत चिकटपणा तोडणारे ओक्रिप्लाझ्मिन टोचले गेले, तर 188 डोळ्यांत औषधाविना नुसता द्रव. अठ्ठावीस दिवसांनी औषधवाल्यांपैकी 26.5 टक्के आणि बाकीच्यांपैकी 10.1 टक्के डोळ्यांतले जेल सुटले होते. म्हणजे थेट जेलमध्ये सोडलेल्या औषधालाही चारांतल्या जवळपास तिघांच्या बाबतीत जे साधले नाही, ते म्हणे कोवळे ऊन करणार!

या उन्हाच्या सल्ल्याचा मला खरा संताप आहे. जेल पारदर्शक असते. प्रकाश आरपार जाऊ देणे हेच त्याचे काम असल्याने प्रकाशाने ते वितळण्याचा प्रश्नच येत नाही. तो प्रकाश डोळ्याचे भिंग नेमका पीतबिंदूवर एकवटते, आणि ग्रहण उघड्या डोळ्यांनी पाहणाऱ्यांचा पीतबिंदू याच कारणाने भाजतो. पडद्याला वेदना कळत नसल्यामुळे इजा होताना दुखतही नाही. आधीच छिद्र असलेल्या पीतबिंदूवर हा प्रयोग करायला सांगणाऱ्याला काय म्हणावे?

शस्त्रक्रियेत चिकटलेले जेल सर्जन पडद्यावरून अलगद सोडवून काढतो, कारण ओढ कायम राहिली तर छिद्र मिटण्याची आशा कमी. फार घट्ट चिकटलेले जेल सोडवताना पडदा फाटण्याचा धोका असतो, हेही खरे. केली आणि वेंडेल यांनी 1991 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पहिल्या 52 डोळ्यांपैकी 30 डोळ्यांतली छिद्रे मिटली होती; आज लहान छिद्रांबाबत हे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या पुढे आहे. मात्र छिद्र जितके मोठे आणि जुने, तितके यश कमी. फुईचे छिद्र पहिल्या ओसीटीत (पडद्याच्या थरांचे चित्र काढणाऱ्या तपासणीत) 230 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे हजारावे भाग, होते; आता 410 आहे.

डोळा रिकामा होतो हे तर धादांत खोटे: काढलेल्या जेलची जागा आधी वायू आणि मग डोळ्याचे स्वतःचेच पाणी घेते. शस्त्रक्रियेनंतर मोतीबिंदू लवकर वाढतो, पण त्यावर उपाय आहे.

फुईची तारीख पुढच्या मंगळवारची आहे. सूर्याकडे पाहणे तिने सहाव्या दिवशीच सोडले होते, तेही डोळ्यांना पाणी येऊन चुलीवरची भाकर करपली म्हणून. माझे ऐकून नव्हे.