पडद्यावरची चूक गुपचूप पुसू नका

काल रात्री एका सिनेमाची शेवटची नामावली पॉज करत करत उतरवून काढली. चार मिनिटांची नामावली, उतरवायला पावणेदोन तास. ध्वनिविभागात एक आडनाव दोनदा आलं होतं, एकदा दोन 'एल' घालून आणि एकदा एकच. माणूस तोच. मागे-पुढे करून चारदा पाहिलं, स्क्रीनशॉट मोठा करून पाहिला. चूक माझ्या डोळ्यांची नव्हती, पडद्याचीच होती.

अशा वेळी काय करायचं, यावरून सिनेमांच्या ऑनलाइन डेटाबेसमध्ये हौसेने नोंदी करणाऱ्या आम्हा लोकांत कायम जुंपलेली असते. काहींचं म्हणणं, चूक दिसली की सुधारून टाका, वाचणाऱ्याला बरोबर नाव मिळालं की झालं. काहींच्या लेखी पडद्यावर आहे ते वेदवाक्य, काना-मात्राही हलवायची नाही. मी बरीच वर्षं सुधारणाऱ्यांपैकी होते. आता माझं मत असं झालंय की पडद्यावर काय लिहिलंय ही एक गोष्ट आणि काम कोणी केलं ही दुसरी. नोंदीत दोन्हींना जागा हवी. एकीसाठी दुसरी खोडली की घोळ सुरू.

'कासाब्लांका' (१९४२) घ्या. त्यात कार्ल वेटरचं काम करणारे एस. झेड. साकाल नामावलीत 'एस. के. साकाल' झालेत. एवढा गाजलेला सिनेमा, आणि चूक आजतागायत तिथेच. आयएमडीबी या सिनेमांच्या डेटाबेसवर ही नोंद एस. झेड. यांच्याच पानाला जोडलेली आहे आणि शेजारी कंसात 'एस. के. साकाल या नावाने' अशी पुस्ती आहे. मला विचाराल तर हीच रीत योग्य. माणूसही सापडतो आणि चूकही जपली जाते. गंमत म्हणजे त्यांचं हंगेरियन रंगभूमीवरचं नाव सोके साकाल, म्हणजे सोनेरी दाढी. जन्मनाव आणखी निराळंच. मग यातलं 'बरोबर' नाव कुठलं? म्हणूनच डेटाबेसला नावापेक्षा प्रत्येक माणसाला दिलेल्या क्रमांकाचा आधार जास्त. आयएमडीबीत माणसांचा पहिला क्रमांक नर्तक-अभिनेते फ्रेड अस्टेअर यांचा आहे. त्यांचं नाव कुणी कसंही लिहो, क्रमांक हलत नाही.

ही जोडणी केली नाही, तर एका अक्षराच्या चुकीतून नवा माणूस जन्माला येतो. त्याचं स्वतंत्र पान तयार होतं, त्यावर एकच सिनेमा, एकच काम, आधी काही नाही, नंतर काही नाही. मी त्यांना भुतं म्हणते. भुताला निदान खऱ्या माणसात विलीन करता येतं. उलटा प्रकार जास्त वाईट. नाव सारखं म्हणून दोन वेगळी माणसं एका पानावर चिकटवली, की सोडवताना एकेक सिनेमा पुन्हा उघडून बसावं लागतं. मी एकदा दोन कॅमेरा सहायकांना असं सोडवलंय. तीन रविवार गेले.

गुपचूप सुधारण्याला माझा विरोध आहे तो याचसाठी. तुम्ही नाव नीट करून ठेवता, पुस्ती जोडत नाही. सहा महिन्यांनी दुसरा कुणीतरी तोच सिनेमा बघतो. त्याला पडद्यावर वेगळं दिसतं, तो म्हणतो नोंद चुकली, आणि परत फिरवतो. मग तिसरा येतो. ग्रंथालयवाल्यांनी हा प्रश्न केव्हाच सोडवलाय. पुस्तकांच्या नोंदी करण्याच्या त्यांच्या जुन्या एएसीआर२ नियमांत शीर्षकपानावरची चूक आहे तशी उतरवायची आणि चौकोनी कंसात खुलासा करायचा अशी सोय होती. २०१० साली आलेल्या आरडीए या नव्या नियमांनुसार चूक तशीच उतरवून दुरुस्ती टिपेत देतात. चूक पुसा असं दोन्हीकडे नाही.

पण मग 'पडदा म्हणजे पुरावा' हेही पुरतं खरं नाही. 'रोमन हॉलिडे'च्या (१९५३) मूळ प्रतीत कथेचं श्रेय इयन मॅकलेलन हंटर यांना आहे. कथा होती डाल्टन ट्रंबो यांची. हॉलिवूडने कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून काम नाकारलेल्यांच्या काळ्या यादीत असल्यामुळे त्यांना नाव लावता येत नव्हतं. कथेचं ऑस्कर हंटरना मिळालं. ट्रंबो १९७६ मध्ये गेले आणि त्यांच्या नावाचं ऑस्कर त्यांच्या पत्नीच्या हाती आलं १९९३ मध्ये. पटकथेचं श्रेय अमेरिकी लेखकसंघाने २०११ मध्ये बहाल केलं. मधल्या काळात डीव्हीडीच्या प्रतीवर ट्रंबोंचं नाव झळकलं होतं. म्हणजे सिनेमा एकच आणि प्रतींवरची नावं वेगळी. इथे निव्वळ पडदा उतरवणारा खोट्याची नक्कल करतो आणि निव्वळ सुधारणारा काळ्या यादीचा पुरावाच पुसतो. त्यामुळे 'पडद्यावर असंच आहे' असं कुणी ठणकावलं की मी आधी विचारते, कुठल्या प्रतीवर?

टोपणनावांना मात्र चूक समजू नका. लता मंगेशकरांनी संगीत दिलं 'आनंदघन' या नावाने, ते नाव त्यांनी स्वतः निवडलेलं. हॉलिवूडचे दिग्दर्शक कोएन बंधू यांनी आपल्या सिनेमांचं संकलन केलं ते रॉडरिक जेन्स या नावाने, आणि या अस्तित्वात नसलेल्या गृहस्थाला ऑस्करची दोन नामांकनं आहेत. तिथे खरं नाव जोडा, पण पडद्यावरचं राहू द्या.

पदाच्या नावातलं टायपिंग खुशाल सुधारा. 'सहायक' शब्दातलं अक्षर उलटंपालटं झालं म्हणून कुणाची ओळख बदलत नाही.

आता माझीच एक सांगते. एका वेशभूषाकार बाईंच्या नावात मला एक 'एच' जास्तीचा वाटला. सात सिनेमांत मी तो काढला, पुस्ती वगैरे न जोडता. पुढे त्यांची एक मुलाखत पाहिली. मागच्या भिंतीवर त्यांची स्वाक्षरी केलेलं रेखाटन होतं आणि त्यात तो 'एच' चांगला लांबरुंद, शेपटी काढून लिहिलेला. सातही नोंदी परत फिरवायला पाठवल्या. पाच मंजूर झाल्या. उरलेल्या दोन तपासणाऱ्याने नाकारल्या. कारण दिलं होतं: 'पडद्यावरचं नाव चुकीचं दिसतं. आधीच्या सदस्याने केलेली दुरुस्ती योग्य आहे.'