साक्षीला जाण्याआधी माहीतगार माणसाला घरी पाठवा

समजा, तुम्ही ब्रिटनच्या परराष्ट्र, राष्ट्रकुल आणि विकास खात्यात मोठ्या हुद्द्यावर आहात. कचेरी लंडनच्या किंग चार्ल्स स्ट्रीटवर. आत जुन्या इंडिया ऑफिसचं संगमरवरी दरबार कोर्ट आहे, त्यामुळे चालण्याबोलण्यात थोडा रुबाब आपोआप येतो. वरून हुकूम सुटला आहे: गरीब देशांना द्यायच्या मदतीचा पैसा कमी, तेव्हा माणसंही कमी. आणि संसदेच्या आंतरराष्ट्रीय विकास समितीने तुम्हाला साक्षीला बोलावलं आहे. घोड्याच्या नालाच्या आकाराचं टेबल, पलीकडे खासदार, मधोमध अध्यक्षा सेरा चॅम्पियन, अलीकडे तुम्ही आणि पाण्याचा ग्लास.

घाबरू नका. तयारी नीट केलीत तर या खोलीतून आजवर कोणी जखमी होऊन बाहेर पडलेलं नाही.

पहिला प्रश्न येणार, किती माणसं जाणार? इथे आकडा देण्याचा मोह टाळा. आकडा दिला की तो पुढच्या वर्षी पुन्हा तुमच्यासमोर ठेवतात. ‘15 ते 25 टक्के’ असं सांगा. खात्याने खरोखर असंच सांगितलं होतं, आणि त्यातली हुशारी दाद देण्यासारखी आहे. पंधरा आणि पंचवीस यांच्या मधल्या फटीत शेकडो माणसं त्यांच्या घराच्या हप्त्यांसकट आरामात मावतात. पुढे काहीही घडलं तरी तुम्ही ‘जाहीर केल्याप्रमाणे’च वागलेले असता.

दुसरा प्रश्न: कोण जाणार? यावर खरी मेहनत घ्या, कारण बाकी सगळं यावर उभं आहे. कोणालाही काढू नका. काढणं हा कठोर शब्द आहे, त्यावर कर्मचारी संघटना ओरडतात. स्वेच्छानिवृत्ती योजना जाहीर करा आणि खुर्चीत मागे टेकून बसा. अशा योजनेत आधी कोण उठतं? ज्याला बाहेर किंमत आहे तो. साथरोगांचा अभ्यासक, दुष्काळ येण्याआधी धान्यबाजाराच्या भावांवरून तो ओळखणारी अर्थतज्ज्ञ, तीन युद्धक्षेत्रांत काम केलेला आणि कोणत्या पुलापलीकडे ट्रक जात नाही हे तोंडपाठ असलेला अधिकारी. ही माणसं स्वखुशीने जातात, तुम्ही निरोपसमारंभात दोन शब्द बोलता, आणि खात्यातली माहिती त्यांच्याबरोबर दाराबाहेर पडते. मागे उरतो तो ‘आकृतिबंध’.

आता तिसरा, सगळ्यात अवघड प्रश्न बघा कसा विरघळतो. खासदार विचारतात, या कपातीचा परिणाम काय झाला? तुम्ही शांतपणे सांगता, ही माहिती सध्या उपलब्ध नाही. आणि ते शंभर टक्के खरं असतं! समितीशी खोटं बोलणं गंभीर गोष्ट आहे, ते कधीही करू नका. ज्याला खरं माहीत होतं त्याला आधीच घरी पाठवा, म्हणजे तुमच्या सचोटीवर ओरखडाही उमटत नाही.

हे न केल्यास काय होतं, याचं उदाहरण 2023 सालचं आहे. तेव्हा खात्यात परिणामांचा हिशोब मांडणारे लोक शिल्लक होते. त्यांनी तो मांडला: निधी आटल्यामुळे येमेनमध्ये सुमारे पाच लाख बायकामुलांना आरोग्यसेवा मिळणार नाही, आफ्रिकेत हजारो बायका गरोदरपणात आणि बाळंतपणात दगावतील. विकासमंत्री अँड्र्यू मिचेल यांनी तो कागद समितीकडे दिला, समितीने छापला, आणि सरकारच्याच अक्षरात लिहिलेलं सगळ्या जगाने वाचलं. दोष मंत्र्यांचा नाही. दोष हिशोब येणाऱ्या माणसांना पगारावर ठेवण्याचा.

‘मग काम कोण करणार?’ असा भाबडा प्रश्न तुमच्या मनात येईल. कन्सल्टंट करतील. कन्सल्टंट पदसंख्येत मोजला जात नाही, ही त्याची सर्वांत मोठी पात्रता. गेल्या दशकात आंतरराष्ट्रीय विकास खातं स्वतंत्र होतं तेव्हा हा प्रयोग होऊन गेला आहे. मदतीचा पैसा वाढत होता, 2013 मध्ये तो सकल राष्ट्रीय उत्पन्नाच्या 0.7 टक्क्यावर पोचला, आणि त्याच काळात प्रशासनाचा खर्च मात्र छाटला जात होता. पैसे जास्त, वाटणारे हात कमी. साहजिकच कंत्राटं मोठी झाली आणि कंत्राटदारही. 2017 मध्ये समितीला खासगी कंत्राटदारांच्या वापरावर वेगळा अहवाल काढावा लागला. पगाराच्या रकान्यातून माणूस गेला की बिलाच्या रकान्यातून परत येतो, येताना फक्त दर बदललेला असतो. तुमच्या तक्त्यात मात्र बचत दिसते, आणि समितीपुढे तक्ताच न्यायचा आहे.

समितीचा जाच फारच झाला तर आणखी एक जालीम उपाय आहे. खातंच बंद करा. बोरिस जॉन्सन यांनी 16 जून 2020 रोजी तो जाहीर केला. 1997 पासून चाललेलं विकास खातं परराष्ट्र खात्यात विलीन होणार, मदत म्हणजे ‘आकाशातलं अवाढव्य एटीएम’ झालं होतं, वगैरे. ब्रिटनची मदत कितपत परिणामकारक आहे याची समितीची चौकशी तेव्हा चालूच होती. 2 सप्टेंबरला खातं गेलं. आणि खातं नाही तर त्याच्यावर नजर ठेवणारी समिती तरी कशाला, असा सरळसाधा विचार पुढे आला. दुर्दैवाने खासदारांनी समिती वाचवली. एवढी एक फट बुजवायची राहून गेली, आणि तीच आज तुम्हाला या टेबलापाशी घेऊन आली आहे.

कायद्याची भीती बाळगू नका. 0.7 टक्के मदत देण्याचा कायदा 2015 मध्ये झाला आणि तो आजही आहे. लक्ष्य चुकलं तर काय? तर मंत्र्याने संसदेपुढे निवेदन ठेवायचं, का चुकलं ते सांगायचं. बस्स. ब्रिटनने 2021 मध्ये 0.5 वर उडी मारली, फेब्रुवारी 2025 मध्ये कीर स्टार्मर यांनी संरक्षणखर्चासाठी 2027 पर्यंत 0.3 वर येण्याचं जाहीर केलं. विकासमंत्री ॲनलीज डॉड्स यांनी त्यावर राजीनामा दिला, तसलं काही मनात आणू नका. त्यांच्या जागी आलेल्या बॅरोनेस चॅपमन यांनी मे महिन्यात समितीला सांगून टाकलं की ब्रिटन सरकारकडे जागतिक धर्मादाय संस्था म्हणून बघण्याचे दिवस संपले. त्या उमरावांच्या सभागृहात बसतात, म्हणजे कॉमन्सच्या सभागृहात त्यांना उभं करून विचारायची सोयच नाही. समितीसमोर येतात, ही त्यांची मेहेरबानी.

एखादा अभ्यासू सदस्य विचारेल की उरलेला पैसा तरी परदेशात जातो का? इथे ‘तो विषय गृहखात्याचा’ असं म्हणा. 2023 मध्ये मदतीच्या 15.3 अब्ज पौंडांपैकी 4.3 अब्ज पौंड ब्रिटनमध्येच, निर्वासितांच्या आणि आश्रय मागणाऱ्यांच्या सोयीवर गेले, त्यात हॉटेलांची बिलं मोठी. यव्हेट कूपर 2024-25 मध्ये गृहमंत्री होत्या आणि सप्टेंबर 2025 मध्ये परराष्ट्रमंत्री झाल्या, म्हणजे घेणाऱ्या खुर्चीतून उठून देणाऱ्या खुर्चीत बसल्या. त्यांना दोन्ही बाजू समजत असणार. तुम्ही तो विषय काढू नका.

कधी कधी अमेरिकेचा हेवा वाटेल. तिथे यूएसएड ही परदेशांना मदत वाटणारी 1961 पासूनची सरकारी संस्था काही महिन्यांत मोडीत निघाली आणि 1 जुलै 2025 पासून तिचं उरलंसुरलं काम परराष्ट्र खात्यात गेलं. कर्मचाऱ्यांना ईमेल आले, दारं बंद झाली. पण त्यात घाई दिसते, कोर्टकचेऱ्या होतात. आपल्याकडे तेच काम सल्लामसलत करून, चहा पीत, मनोबलाची काळजी व्यक्त करत होतं. मोडलेल्या गोष्टीला ‘परिवर्तन कार्यक्रम’ म्हणण्याइतकी सभ्यता आपल्यात अजून शिल्लक आहे.

प्रत्यक्ष साक्षीच्या वेळी एवढं सांभाळा. ऑसमदर्ली नियम, म्हणजे समित्यांपुढे अधिकाऱ्यांनी कसं बोलायचं याचे सरकारी नियम, वाचून जा. अधिकारी मंत्र्यांच्या वतीने आणि त्यांच्या सूचनेनुसार बोलतो, हे त्यातलं वाक्य पाठ करा. कपात योग्य की अयोग्य असं विचारलं तर ते धोरण, म्हणजे मंत्र्यांचं. मंत्र्यांना विचारलं तर ते म्हणतील अंमलबजावणी, म्हणजे तुमची. प्रश्न या दोन दारांमध्ये फिरत राहतो आणि घड्याळही फिरतं. अगदीच कोंडीत सापडलात तर ‘याबाबत समितीला लेखी कळवतो’ म्हणा. पत्र उशिरा पाठवा, लांब पाठवा.

शेवटी समितीचा अहवाल येईल. त्याला दोन महिन्यांत उत्तर द्यायची रीत आहे. 2020 च्या विलीनीकरणापासून पाच वर्षांत या खात्याला सहा परराष्ट्रमंत्री लाभले, तेव्हा उत्तरावर सही कोणाची असेल याचा विचार करत बसू नका. प्रत्येक शिफारशीखाली ‘अंशतः मान्य’ असं लिहायचं आणि पुढच्या परिच्छेदात ती का जमणार नाही ते मान्यतेच्याच सुरात सांगायचं. हे मात्र कन्सल्टंटला जमत नाही. त्यासाठी खात्यात मसुदा करणारा एक मुरलेला माणूस हवा. तो ओळखून ठेवा, त्याला बढती द्या, आणि स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज त्याच्या टेबलावर चुकूनही जाऊ देऊ नका.