डीएनएची प्रयोगशाळा नागपुरात कशाला? – एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून मीही जरा ऐसपैस उत्तर देतो. तुमचा आक्षेप असा: नागपूर विद्यापीठात डीएनए सिक्वेन्सिंग (डीएनएमधली बेसची, म्हणजे अक्षरांची, ओळ वाचणं) आणि सिंथेसिस (तशी ओळ रसायनांतून घडवणं) यांची स्वतःची प्रयोगशाळा काढणं म्हणजे पांढरा हत्ती पोसणं. नमुने कुरिअरने बंगळूर-हैदराबादला धाडले की निकाल ईमेलवर येतो, मग महागडं यंत्र धूळ खात ठेवायचं कशाला?

सिंथेसिसपुरतं तुमचं खरं आहे. प्रायमर, म्हणजे डीएनएची नक्कल किंवा वाचन सुरू करायला लागणारे छोटे तुकडे, विकतच घ्यावेत. १९७० साली विस्कॉन्सिन विद्यापीठात हरगोविंद खोराना यांच्या गटाने ७७ बेस-जोड्यांचं जनुक तुकडे जोडून घडवलं, तेव्हा असं काही बाजारात मिळतच नव्हतं. आज मिळतं. शिवाय हे काम भलतंच नाजूक. एकेक बेस जोडताना दर जोडणीला ९९ टक्के यश आलं, तरी २० बेसच्या प्रायमरमध्ये पूर्ण लांबीचे रेणू सुमारे ८३ टक्के निघतात आणि १०० बेसला जेमतेम ३७. यात लागणाऱ्या अ‍ॅसिटोनायट्राइल या द्रावकात थोडी ओल शिरली की तेवढंही हाती लागत नाही, आणि आपल्याकडचा जुलै-ऑगस्ट तुम्हाला ठाऊक आहेच. तरी शिकवायला एखादं जुनं सिंथेसायझर असावं असं मला वाटतं. दर फेरीला आम्ल सोडलं की नारंगी रंग उतरतो. तो फिका पडला की जोडणी बिघडली हे पोरांना तिथल्या तिथे दिसतं.

सिक्वेन्सिंगची गोष्ट वेगळी. ईमेलवर अक्षरांची ओळ येते, पोरगं ती उचलून थेट डेटाबेसशी ताडून पाहतं. सोबत आलेली आलेखाची फाइल बहुतेक वेळा कोणी उघडतच नाही. त्यात सुरुवातीचे ३०-४० बेस गढूळ असतात, ७००-८००च्या पुढे शिखरं पसरट होतात, आणि मध्येच एका जागी दोन रंगांची शिखरं एकावर एक चढलेली दिसतात. जनुकाच्या दोन प्रतींतच तो फरक आहे, की तो नुसता वाचनातला दोष? यंत्र हाताशी असलं तर उलट्या दिशेने पुन्हा वाचून याचा निकाल लावता येतो. नाहीतर पुन्हा कुरिअर, पुन्हा पैसे. आणि बहुतेकदा तो बेस तसाच छापला जातो.

हा बारकावा इथे महत्त्वाचा आहे. गुलाबी बोंडअळी बीटी कापसाला दाद देईनाशी झाली, तेव्हा भारतातल्या अळ्यांच्या कॅडहेरिन जनुकात (बीटीचं विष आतड्यात ज्या प्रथिनाला चिकटतं त्याचं जनुक) एकच नव्हे, तर नाना तऱ्हेचे बदल सापडले. अशा कामात चुकीचा वाचलेला एक बेस म्हणजे नसलेला बदल.

धुळीचं म्हणाल, तर सँगर पद्धतीच्या, म्हणजे वर सांगितलेले आलेख देणाऱ्या, यंत्राला रिकामं बसणंच मानवत नाही. कॅपिलरीची, म्हणजे डीएनए ज्यातून धावतो त्या केसासारख्या नळीची, टोकं कोरडी पडली की ती बाद होते आणि आतल्या पॉलिमरलाही मुदत असते. म्हणून ते एका विभागाच्या कुलपात नको. कापूस संशोधन संस्था, लिंबूवर्गीय फळांची संस्था, पर्यावरण संशोधनाची नीरी, एम्स, सगळं याच शहरात आहे. ठरलेल्या दराने त्यांचेही नमुने घ्यावेत. ९६ खणांची प्लेट भरली की दर नमुन्यामागचा खर्च उतरतो.

राहिला देखभालीचा वार्षिक करार. तो दरवर्षी चांगलाच कापतो, याबद्दल वाद नाही. पण त्याहून मोठी अडचण माणसाची. कंत्राटी तंत्रज्ञ शिकून तयार होतो आणि करार संपला की निघून जातो. तेव्हा प्रस्तावात आधी कायम तंत्रज्ञाचं पद मागावं, यंत्र त्यानंतर. पद मंजूर होणार नसेल, तर यंत्रही घेऊ नये असं मीच म्हणेन.