चाकोरी

आयुष्य फार चाकोरीतलं झालंय, असं पंचेचाळिशीला टेकलेल्या प्रत्येकालाच वाटतं. कुणी गिटारचा क्लास लावतं, कुणी पहाटे उठून काढे पितं. मी माउंटन बाइक घेतली. दुकानातल्या मुलाने टायरच्या जाडजूड दातांवरून हात फिरवत सांगितलं होतं, "सर, ही चिखलात बिनधास्त घुसते." घुसते, हे शंभर टक्के खरं. बाहेर येण्याबद्दल तो काहीच बोलला नव्हता, हे मला फार उशिरा आठवलं.

आम्हा पुणेकरांना डोंगर शोधत लांब जावं लागत नाही. वेताळ टेकडी शहराच्या ऐन मधोमध उभी आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर. जूनच्या पहिल्या दणदणीत पावसानंतरच्या रविवारी मी साडेसहाला एआरएआयच्या (वाहनांवर संशोधन करणाऱ्या संस्थेच्या) बाजूने वर पोचलो. जाहिरातीत असतात तसे चिखलाचे फवारे उडवायचे, एवढा एकच हेतू होता. मुरमाच्या वाटेवर काही बिघडलं नाही, मुरमातून पाणी पटकन निघून जातं. पण खाणीच्या पुढे पठारावर काळ्या मातीचा एक पट्टा लागतो. तिथे मी वेगात शिरलो.

फवारे वगैरे काही उडाले नाहीत. माती चाकाला चिकटली, चाकाबरोबर फिरली, तिच्यावर आणखी माती, त्यावर वाळकं गवत, त्यावर गिरिपुष्पाची पानं असं थरावर थर चढत गेले. वीस-पंचवीस फुटांत चाक आणि त्याला धरणारा फोर्क यांच्यामधली फट बुजली आणि चाक फिरायचंच थांबलं. मी काटकीने माती उकरली, दोन पावलं ढकलली, पुन्हा तेच. शेवटी पंधरा किलोची बाइक आणि तेवढीच टेकडी खांद्यावर घेऊन निघालो.

समोरून काठी टेकत एक काका येत होते. टेकडीवरचे जुने रहिवासी असावेत, अशा अधिकाराने ते थांबले.

"विकत घेतलीय, की उचलायला भाड्याने आणलीय?"

मी हसलो. त्यांनी हसण्याला प्रतिसाद दिला नाही. माझ्या मागे वाटेत पडलेल्या लांबलचक चरात त्यांनी काठीचं टोक घातलं आणि खोली पाहिली.

"चार बोटं. हे तुमचंच ना?"

"अहो काका, माती आहे. बुजेल."

"कोण बुजवणार? आता पाऊस पडला की पाणी इकडेतिकडे पसरणार नाही, याच चरातून पळणार. जाताना माती घेऊन जाणार. तुम्ही पाण्याला रस्ता आखून दिलात."

उत्तर सुचेना म्हणून मी बाइक दुसऱ्या खांद्यावर घेतली.

ऑक्टोबरात ऊन तापलं आणि मी पुन्हा टेकडीवर गेलो. वाट खडखडीत, मोर ओरडतायत, मोज्यांत कुसळं. टायरमधली हवाही आता जाणकारांसारखी कमी करून २५ पीएसआयवर आणली होती. पठारावर पोचलो आणि पुढचं चाक एका चरात शिरलं. चरात चाक शिरलं की हँडल नुसतं शोभेला उरतं. मी डावीकडे वळवलं, बाइक सरळ गेली, मी उजवीकडे गेलो. कोपर धरून उठलो तेव्हा जागा ओळखीची वाटली. गिरिपुष्पाचं तेच झाड, तोच काळा पट्टा. जूनमधली चार बोटं पावसाने चांगली टीचभर केली होती, आणि आता ती सिमेंटसारखी कडक झाली होती. चाकोरीबाहेर पडायला म्हणून सत्तावीस हजार मोजलेला माणूस स्वतःच पाडलेल्या चाकोरीत पडला होता.

काका होतेच. "सापडली का?" एवढंच म्हणाले.

तेव्हापासून मी जबाबदार सायकलस्वार झालो आहे. म्हणजे बहुतेक वेळ चालतो. उतारावर ब्रेक दाबून चाक घसपटवत न्यायचं नाही, कारण त्यानेही माती निघते. डबकं आलं तर त्याच्या मधून जायचं, कडेने नाही. कडेने गेलं की वाट रुंद होते आणि गवत मरतं. (बूट भिजू नयेत म्हणून डबक्याला वळसा घालणारी पायी मंडळी हेच करतात. तीन फुटांची वाट त्यांनी पार बैलगाडीएवढी केली आहे. पण त्यांना काका काही बोलत नाहीत.) आणि चालणाऱ्याला पहिला मान. हा जगभरचा रिवाज आहे आणि मला मान्य आहे. पण रविवारी सकाळी आमच्या टेकडीवर उलटे चालणारेही असतात. गुडघ्यांना चांगलं म्हणे. उलट्या चालणाऱ्याचं तोंड माझ्याकडे असतं, पाय माझ्यापासून लांब जात असतात आणि घंटी वाजवली की तो दचकून थांबतो. अशा वेळी मान नक्की कुठल्या बाजूने द्यायचा?

कॅलिफोर्नियात १९७६ साली फेअरफॅक्स गावाजवळच्या पाइन माउंटनच्या उतारावर माउंटन बाइकिंगच्या सुरुवातीच्या शर्यती झाल्या. त्या उताराचं नाव 'रिपॅक'. ब्रेक इतके तापायचे की आतल्या ग्रीसचा धूर व्हायचा, आणि खाली आल्यावर हबमध्ये, म्हणजे चाकाच्या तुंब्यात, नवं ग्रीस भरावं, 'रिपॅक' करावं लागायचं. माझ्या ब्रेकचं ग्रीस जसंच्या तसं आहे. दोन तास टेकडीवर असलो तर सीटवर पाऊण तास, बाकी वेळ बाजूला उभा राहून "या, या काका, तुम्ही आधी".

या पावसाळ्यात मी रोज सकाळी नुसताच वर जातो, माती बघायला. टाच दाबायची, ठसा उमटून राहिला तर बाइक घरी. पण यावरून काकांशी नवा वाद आहे. माझं वजन ८६ किलो, त्यांचं जेमतेम पन्नास. माझी टाच रुतते तिथे त्यांची रुतत नाही. ते म्हणतात, "टाच तुमचीच धरायची, सायकलवर तुम्ही बसणार." मी म्हणतो, बाइकला दोन चाकं आहेत, वजन वाटलं जातं. निकाल लागलेला नाही. तोवर बाइक गॅलरीत आहे आणि हँडलवर बायकोने टॉवेल वाळत घातलेत. तेही वाळत नाहीत म्हणा.