मधल्या सीटवरचा भूप

मला खिडकी, ताईला कडेची सीट आणि मधे काका. तिकिटं उशिरा काढली की हे भोग येतातच, पण अशा वेळी मधला माणूस आपणहून सरकतो अशी आपल्याकडे रीत आहे. हे सरकेनात. "काका, खिडकीशी बसता का?" म्हटलं, तर "उन्हाने अर्धशिशी उठते." "मग कडेला?" "चहावाले खांदा मोडतात." मधली सीट मनापासून आवडणारा माणूस अख्ख्या रेल्वेत एकच असेल, आणि तो परवा पुण्याहून मुंबईपर्यंत आम्हा बहीणभावाच्या मधोमध बसून गेला.

एरवी चाललंही असतं. पण ताई बंगळुरूहून आलेली आणि तिचे सगळे दिवस आत्या, मामी, आईचे गुडघे आणि बँकेचं केवायसी यांत संपलेले. निवांत बोलायला मिळणार होतं ते ह्या गाडीतच. आणि आम्ही दोघं निवांत बोलतो म्हणजे हप्ते-नोकऱ्यांवर बोलत नाही. 'फायनल फँटसी'वर बोलतो. ही जपानी गेममालिका १९८७ पासून चालू आहे, प्रत्येक भागात जग नवं, माणसं नवी, आणि सोळावा भाग २०२३ साली आला. चुलतभावाच्या प्लेस्टेशनवर आम्ही ती खेळायचो. 'आम्ही' म्हणजे ताई. कंट्रोलर तिच्या हातात, आणि संवाद पुढे सरकवायला बटण दाबण्याचा मान माझा. मी फार पटापट दाबतो म्हणून तोही तिने अधूनमधून काढून घेतलेला आहे.

तर शिवाजीनगर सोडल्यावर वाद नेहमीच्या जागी आला. सातवा भाग श्रेष्ठ की नववा. मी सातवाकर, ताई नववीकर. मी काकांच्या पोटावरून पुढे वाकून म्हणालो, "एरिथ मरते त्याला तोड आहे का कशाची?"

"मेली कशी?" मधली सीट बोलली.

मी म्हटलं, गेममधली आहे काका, खरी नाही.

"ते कळलं हो. मघापासून ऐकतोय मी. मेली कशी ते विचारतोय."

इथेच मी झोपेचं सोंग घ्यायला हवं होतं, पण ताईने तोंड उघडलं होतं. तिने सांगितलं: एरिथ एकटीच निघून जाते, जग वाचावं म्हणून प्रार्थनेला बसते, नायक क्लाउड तिथे पोचतो, आणि त्याच्या डोळ्यांदेखत खलनायक सेफिरॉथ वरून येऊन तिच्या पाठीत तलवार खुपसतो. १९९७ साली तीन डिस्कच्या गेमची पहिली डिस्क इथे संपते, आणि तोवर जिला आपण कपडे-शस्त्रं देऊन सांभाळत आणलं ती मुलगी उरलेल्या दोन डिस्कमध्ये नाही.

"एकटी का गेली? कुणाला सांगून जायला काय झालं होतं?" काका म्हणाले. आमच्या आईचा नेमका हाच प्रश्न होता.

मी म्हटलं, मुद्दा तो नाहीच. मुद्दा संगीताचा. ती मरते तिथे तिची धून सुरू होते. लगेच राक्षसाशी लढाई आहे, जेनोव्हाशी. लढाईला एरवी ढणढणाट असतो. इथे तीच करुण धून चालू राहते. आपण तलवारी चालवतोय, आणि मागे तिची...

"युद्धात करुण रस," काका म्हणाले. "वीर नाहीच. वा!"

माझं वाक्य माझ्याच तोंडातून काढून घेऊन त्यांनी चार शब्दांत संपवलं. ताई माझ्याकडे न बघता त्यांच्याकडे बघून हसली. लहानपणी बटण काढून घेताना ती अशीच हसायची.

पुढचं सगळं वेगाने हाताबाहेर गेलं. चिंचवडला त्यांनी डबा उघडला, आम्हाला एकेक वडी दिली आणि वडीच्या बदल्यात कथानकं मागायला सुरुवात केली. क्लाउडबद्दल मी समजावलं की तो स्वतःला बडा योद्धा म्हणवत असतो, पण खरं तर साधा शिपाई असतो. मेलेल्या मित्राच्या आठवणी त्याच्या डोक्यात स्वतःच्या म्हणून बसलेल्या असतात. ही गोष्ट कळायला गेमचे कितीतरी तास जावे लागतात. ती कळल्यावर मी वहीत पानभर काहीतरी लिहिलं होतं. काका म्हणाले, "आमच्या ऑफिसात होता एक असा. दुसऱ्याने केलेल्या टेंडरचं श्रेय घ्यायचा. शेवटी त्यालाही खरंच वाटायला लागलं." मग त्या माणसाची बढती, त्याचं ब्लडप्रेशर, त्याचा निरोप समारंभ. तळेगाव ते मळवली क्लाउड स्ट्राइफ टेंडर विभागात होता.

दहाव्या भागाचा नायक स्वप्नातला आहे हे ऐकल्यावर तर त्यांनी हातच झटकले. "स्वप्नातला? मग जेवतो कसा?" ह्यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही, आणि हा प्रश्न मला कधी पडला नव्हता याचा मला अभिमान होता.

लोणावळ्याला ताईने कहर केला. "थांबा काका, तुम्हाला ऐकवतेच," म्हणाली आणि माझ्या कानातला बड काढून त्यांच्या हातात ठेवला. माझा बड! तिचे दोन्ही तिच्या कानात शाबूत. काकांनी खिशातून घडीचा रुमाल काढला, बड तीनतीनदा पुसला, उजेडात धरून पाहिला, पुन्हा पुसला आणि मग उलटा कानात घातला. मी रोज अंघोळ करतो हे मी कुणाला सांगायचं?

तिने 'प्रिल्यूड' लावलं. जवळजवळ प्रत्येक भागात कुठे ना कुठे येणारी ती चढत जाणारी, उतरत येणारी स्वरमालिका. नोबुओ उएमात्सु नावाच्या माणसाने ती पहिल्या भागासाठी केली तेव्हा फॅमिकॉम नावाच्या त्या गेमच्या यंत्रातून एका वेळी जेमतेम तीन सूर निघायचे. संगीत तो कुणाकडे शिकलेला नाही, स्वतःचं स्वतः शिकला. ही सगळी माहिती मी देत होतो आणि काका डोळे मिटून बसले होते.

"सा रे ग प," ते मोठ्याने म्हणाले. "सा रे ग प... भूप! अहो, भूप आहे हा! धैवत कुठाय पण?"

पुढच्या रांगेतल्या बाईंनी मागे वळून पाहिलं.

"येईल, येईल... आला धैवत. आणि हे काय? निषाद? निषाद घेतला! गेला भूप!" कपाळाला हात. मग ते पुन्हा भूपात आले तसे शांत झाले, मान डोलावू लागले, ताल धरायला हात मोकळा हवा म्हणून डबा माझ्या मांडीवर ठेवला. डाव्या हाताने स्वतःच्या गुडघ्यावर मात्रा, उजव्याने माझ्या गुडघ्यावर सम. सम चांगली सणसणीत पडत होती. तेवढ्यात धून पुढे सरकली आणि त्यांनी डोळे उघडले. "कोमल धैवत? आता कोमल धैवत? ह्या माणसाला धरबंध आहे का काही?" मग बोगदा आला, नेटवर्क गेलं, आणि अंधारात काकांनी उरलेली धून स्वतःच्या मनाने पुरी केली. शुद्ध भूपात. तानेसकट. बोगद्यात आवाज फार घुमतो.

उजेडात आल्यावर डब्यात कुणीतरी टाळ्या वाजवल्या. ताईने.

"कुठला म्हणालात हा माणूस?"

"कोची," मी दात आवळून सांगितलं.

"मल्याळी! तरीच."

"जपानमधलं कोची, काका. तिथे आहे त्या नावाचं शहर. १९५९ चा जन्म."

"असेल. नाव इथूनच गेलं असणार."

इथवर माझा सोशिकपणा टिकला होता. मग ताईने सहाव्या भागातला ऑपेरा काढला. १९९४ चा गेम, यंत्राला माणसाचा गळा नाही, म्हणून शब्द पडद्यावर उमटतात आणि गाण्याच्या जागी पिपाणीसारखा एक सूर. तरी तो प्रवेश पाहून आम्ही दोघं चुलतभावाच्या पलंगावर गप्प बसलो होतो. विमानवाला सेट्झर जुगारी. तो चिठ्ठी पाठवतो की भर प्रयोगातून नायिकेला, मारियाला, पळवून नेणार. आपल्या मंडळींना हवं असतं विमान. म्हणून ते मारियासारखी दिसणारी सेलेस, साम्राज्याची माजी सेनापती, तिला मारिया म्हणून रंगमंचावर उभी करतात. गाण्याच्या ओळी खेळणाऱ्याने निवडायच्या, चुकल्या की प्रयोग बोंबलला. वर माळ्यावर एक ऑक्टोपस भलंमोठं वजन ढकलत बसलेला असतो, नायिकेच्या डोक्यात घालायला.

काका सीटवर ताठ झाले. "हे सौभद्र आहे."

"नाही काका."

"नाही कसं? हरण आहे की नाही? आणि हरण आपल्याच माणसांनी ठरवून घडवून आणलेलं आहे की नाही? कृष्ण दुसरं काय करतो?"

"हो!" ताई ओरडली. "ठरवूनच!"

"रथाऐवजी विमान. बरं, अर्जुन तिथे यतीच्या वेषात, इथे ही मारियाच्या वेषात."

मी म्हटलं, ऑक्टोपस? सौभद्रात ऑक्टोपस आहे?

"घटोत्कच आहे," काका शांतपणे म्हणाले. "राक्षस लागतोच. अण्णासाहेब किर्लोस्कर, १८८२. तुमचं कधीचं म्हणालात?"

"१९९४."

"एकशे बारा वर्षं," असं म्हणून त्यांनी माझ्या मांडीवरचा डबा उचलला आणि झाकण लावलं.

विनोद बाजूला ठेवतो, कारण इथे मला खरंच लागलं. आवडती गोष्ट कुणाला उलगडून दाखवावी आणि समोरच्याने ती हातात घेऊन, उलटसुलट बघून, 'आपल्याकडे होतंच हे' म्हणून परत द्यावी! आपल्याकडे सगळं होतंच. त्यामुळे बाहेरची गोष्ट आपल्यासारखी निघाली तर तिची नक्कल, आणि नाही निघाली तर तिला धरबंध नाही. तिसरा कप्पाच नाही. नाट्यगीत ऐकताना काकांचे डोळे भरले की ते रसिक. एरिथच्या धुनीवर माझे भरले की 'अजून गेम खेळतोस?' हे मला मामाने विचारलंय, साहेबांनी विचारलंय, एकदा तर डोळ्यांच्या डॉक्टरांनीही विचारलंय, आणि ते थेंब लिहून देत होते. ह्याच संगीताचे मोठ्या वाद्यवृंदांचे जाहीर कार्यक्रम २००७ पासून जगभर चालू आहेत. २०२१ साली टोकियो ऑलिंपिकच्या उद्घाटनाला देशोदेशीचे खेळाडू आत आले ते गेमच्या सुरांवर, आणि त्यांत फायनल फँटसीची विजयाची धून होती. त्या संध्याकाळी मी दिवाणखान्यात उडी मारली होती. आईला वाटलं आपल्याला पदक मिळालं.

हे ऑलिंपिकचं मी काकांना ऐकवलंसुद्धा. म्हणाले, "पाहिलं की. मला वाटलं पोलीस बँड आहे."

कर्जतला वडे घेतले. मी पैसे दिले, मी उतरलो, मी धावत चढलो, आणि परत येऊन बघतो तर काका माझ्या जागी खिडकीशी! अर्धशिशी कुठे गेली कोण जाणे. ताई मधल्या सीटवर सरकलेली, आणि माझ्यासाठी कडेची जागा, चहावाल्यांच्या वाटेवर. ती त्यांना व्हिव्हीचं सांगत होती. नवव्या भागातला हा छोटा जादूगार, टोपीखाली चेहराच दिसत नाही, दोन पिवळे डोळे तेवढे. त्याच्यासारखे कितीतरी युद्धासाठी कारखान्यात बनवलेले असतात. मागाहून कळतं की ते फार जगत नाहीत. वर्षभरात बहुतेक सगळे एके दिवशी हालायचे थांबतात. मरण हा शब्दही त्यांना ठाऊक नसतो, ते 'थांबला' म्हणतात. आणि थांबलेल्याला जमिनीत का ठेवायचं, हे एकमेकांना विचारत बसतात.

काकांच्या हातातला वडा तसाच राहिला. बऱ्याच वेळाने म्हणाले, "आणि त्या पोराला कळतं हे?"

"कळतं," ताई म्हणाली.

"सांगायला नको होतं कुणी."

मग कल्याणपर्यंत ते बोललेच नाहीत. मला वाटलं, आता तरी आमचं बोलणं होईल. पण ताईही खिडकीबाहेर बघत बसलेली, आणि मी एकटा सातव्या भागाची बाजू मांडायची कुणापुढे? मिरचीचा कागद तेवढा माझ्या हातात होता.

दादरला काका उतरले. माझा बड कानातच घेऊन निघाले होते, मी मागे धावून मागितला. पुन्हा पुसून दिला. ताईचा नंबर मात्र त्यांनी केव्हाच घेतलेला.

काल ताईचा फोन. काकांनी नातवाला कामाला लावून नववा भाग सुरू केलाय. व्हिव्हीला मिळालेलं तिकीट खोटं निघालं तिथपर्यंत पोचलेत आणि तिकीट विकणाऱ्यावर भयंकर चिडलेत. रोज रात्री दोघांची चर्चा असते, आवाजी निरोप जातात-येतात, नवव्यातली एक धून काकांनी पेटीवर बसवलीय. मला त्या चर्चेत घ्यायचं कुणाला सुचलेलं नाही. मी विचारलं, मग सातवा कधी खेळणार? तर म्हणाली, "नाही खेळणार म्हणाले. त्यांना तो क्लाउड आवडला नाही. नायकच खोटारडा आहे म्हणे."

खोटारडा नाहीये तो! त्याच्यावर प्रयोग केलेले असतात, त्यात त्याची शुद्ध गेलेली असते, मित्राने त्याला पाठीवर घालून आणलेलं असतं, मिडगार शहराच्या वेशीबाहेर... पण ताईने फोन ठेवला होता. काकांचा येत होता म्हणे.